बालकांच्या उच्चार-स्पष्टतेसाठी घरगुती सराव : स्वरूप, पायऱ्या आणि मर्यादा

सारांश

लहान मुलाच्या अस्पष्ट बोलण्याकडे घरात एकतर कौतुकाने पाहिले जाते किंवा ते दोष मानून वारंवार सुधारले जाते. या दोन्ही प्रतिक्रियांमुळे मुलाला अपेक्षित साहाय्य मिळत नाही. घरी करावयाचा उच्चार-सराव कानापासून सुरू होऊन जिभेकडे यावा, एका वेळी एकाच ध्वनीपुरता असावा आणि त्याचे उद्दिष्ट ‘प्रमाण’ बोलणे हे नसून ‘समजेल असे’ बोलणे हे असावे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेच्या आधारे सरावाच्या पायऱ्या, त्यांमागील कारणे आणि घरगुती प्रयत्नांच्या मर्यादा यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उच्चारण, ध्वनिभेद, श्रवण, बोली, पालक-मार्गदर्शन

१. प्रस्तावना

‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणणारे मूल दोन-अडीच वर्षांचे असेपर्यंत घरादाराला आनंद देते. तेच मूल पाच वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले आणि त्याचे बोलणे तसेच राहिले, की कौतुकाची जागा काळजी घेते. वर्गातील मुले हसतात, शिक्षक ‘नीट बोल’ म्हणतात आणि घरी प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुरू होते. काही दिवसांतच असे मूल कमी बोलू लागते. उच्चाराची अडचण जिभेपुरती असते. त्यातून निर्माण होणारे मौन मात्र मुलाच्या शिक्षणावर व स्वभावावर परिणाम करते.

अध्यापक महाविद्यालयांतील, तसेच भाषा, मानसशास्त्र व गृहविज्ञान या विभागांतील प्राध्यापकांकडे पालक आणि प्रशिक्षणार्थी शिक्षक याबाबत सल्ला मागतात. त्या वेळी ‘मोठे झाल्यावर आपोआप सुधारेल’ हे उत्तर काही मुलांच्या बाबतीत खरे ठरते, तर काहींच्या बाबतीत मोलाचा काळ वाया घालवते. १९९५ मध्ये बर्ड, बिशप आणि फ्रीमन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शालेय शिक्षण सुरू होताना ज्या मुलांच्या उच्चारातील अडचणी तीव्र स्वरूपात टिकून होत्या त्यांना वाचन-लेखनातही अडचणी येण्याचा धोका अधिक असल्याचे दिसून आले. मराठी लेखन बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने ‘र’ आणि ‘ल’ यांतील भेद ज्याच्या मनात पक्का झालेला नाही, त्याला तो लिहितानाही पाळणे कठीण जाते. यास्तव उच्चाराचा प्रश्न हा केवळ कानाला गोड लागण्याचा प्रश्न नव्हे.

२. अस्पष्ट उच्चाराचे स्वरूप

प्रथम दोन संज्ञांमधील गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. व्यवहारात ‘बोबडे’ आणि ‘तोतरे’ हे शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात. तोतरेपणात ध्वनी बरोबर असतो, परंतु बोलण्याचा प्रवाह अडखळतो. अक्षरे पुन्हा पुन्हा येतात किंवा अडकतात. बोबडेपणात प्रवाह ठीक असतो, परंतु ध्वनी बदलतो, गळतो किंवा विकृत होतो. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या प्रकारापुरता मर्यादित आहे. तोतरेपणासाठी येथील सराव योजू नये.

मुलांच्या चुका वरकरणी विस्कळीत वाटल्या तरी त्यांत नियमितता असते. कंठ्य ध्वनींच्या जागी दंत्य ध्वनी येतात (काका – ताता, गाय – दाय). कंपित ‘र’च्या जागी ‘ल’ किंवा ‘य’ येतो (राजा – लाजा). महाप्राण ध्वनी अल्पप्राण होतात (घर – गर, भात – बात). जोडाक्षरातील एक व्यंजन गळते (प्रकाश – पकाश). म्हणजे मूल अनेक शब्द चुकत नसते. ते एक नियम पाळत असते आणि तो नियम प्रौढांच्या नियमाहून वेगळा असतो. ही बाब सरावाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. नियम बदलला की त्या नियमाखालील अनेक शब्द एकाच वेळी सुधारू लागतात. म्हणून चुकणाऱ्या शंभर शब्दांची यादी पाठ करून घेण्याची गरज नसते.

मुलाचे ऐकणे आणि बोलणे यांतील अंतर दाखवणारे एक निरीक्षण भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी ‘फिश’ला ‘फिस’ म्हणणाऱ्या एका मुलाची नोंद केली. प्रौढाने त्याच्यासारखेच ‘फिस’ म्हटले की ते मूल हरकत घेई. ‘फिश’ म्हटले की होकार देई. दुसऱ्याच्या तोंडचा भेद त्याला कळत होता, स्वतःच्या तोंडून मात्र तो व्यक्त होत नव्हता. घरातील मोठ्यांनी मुलाची नक्कल करून ‘ताता आला’ असे म्हणणे का टाळावे, याचे उत्तर या निरीक्षणात आहे. मुलाला योग्य नमुना हवा असतो आणि त्याच्याच चुकीचा नमुना त्याला परत मिळतो.

३. बोली आणि दोष यांतील सीमारेषा

सराव सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अनिवार्य ठरते : मुलाच्या घरात आणि वस्तीत हा शब्द कसा उच्चारला जातो? वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. अहिराणीतही असाच बदल आढळतो. महाराष्ट्राच्या अनेक ग्रामीण बोलींत ‘पाणी’ हे ‘पानी’ असते आणि ‘शाळा’ ही ‘साळा’ असते. अशा घरातील मूल ‘डोया’ किंवा ‘पानी’ म्हणत असेल, तर त्याचा उच्चार त्याच्या भाषेच्या नियमांनुसार अचूक आहे. तो दोष नव्हे आणि त्यावर उपचार करण्यासारखे काही नाही. मेळघाटातील ज्या मुलाची घरची भाषा कोरकू आहे, त्याच्या मराठी उच्चारांकडेही दुसरी भाषा शिकणाऱ्याचे उच्चार म्हणून पाहिले पाहिजे.

शाळेत प्रमाण उच्चार शिकवले जाऊ नयेत असा याचा अर्थ नाही. ते अध्यापनाचे काम आहे आणि ते पुढे यथावकाश होते. परंतु अध्यापन आणि उपचार यांची सरमिसळ झाली की निरोगी मुलाला सदोष ठरवले जाते. त्याबरोबर त्याचे आईवडीलही सदोष ठरतात. मुलाच्या उच्चाराची तुलना वृत्तनिवेदकाशी न करता त्याच्याच घरातील, त्याच्याच वयाच्या अथवा थोड्या मोठ्या मुलांशी करावी, हा सोपा निकष येथे उपयोगी पडतो.

प्रमाण मराठीतही लिपी आणि उच्चार सर्वत्र जुळत नाहीत. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांत अक्षर एकच, परंतु पहिल्यात तालव्य ‘च’ आहे आणि दुसऱ्यात दंततालव्य. ‘जेवण’ आणि ‘जाळे’ यांतही हाच भेद आहे. ‘श’ आणि ‘ष’ ही अक्षरे भिन्न असली तरी आजच्या बोलण्यात बहुसंख्य मराठी भाषक त्यांचा उच्चार सारखाच करतात. बाराखडीचे पुस्तक समोर ठेवून केलेला सराव येथे फसतो. मुलाला अक्षर शिकवायचे नसून ध्वनी ऐकवायचा आहे, हे भान ठेवणे आवश्यक आहे.

द्विभाषिक घरांविषयीही येथे उल्लेख करावयास हवा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या अथवा परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलाचे बोलणे अस्पष्ट असल्यास ‘घरी मराठी बोलणे बंद करा’ असा सल्ला कधी कधी दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने उच्चारदोष निर्माण होत नाही. घरची भाषा काढून घेतल्याने मात्र आजी-आजोबांशी होणारा संवाद आणि बोलण्याच्या सहज संधी दोन्ही कमी होतात.

४. वय आणि अपेक्षा

सर्व ध्वनी एकाच वेळी येत नाहीत. ओठांनी होणारे ‘प’, ‘ब’, ‘म’ हे ध्वनी डोळ्यांना दिसतात आणि सामान्यतः लवकर येतात. कंपित ‘र’, मूर्धन्य ‘ळ’, ‘श’सारखे घर्षक ध्वनी आणि जोडाक्षरे यांसाठी जिभेवर सूक्ष्म नियंत्रण लागते, ती उशिरा स्थिर होतात. शॅरिन मॅक्लाउड आणि कॅथरीन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांतील अभ्यासांचा आढावा घेतला. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत मुले आपल्या भाषेतील बहुतेक व्यंजने बरोबर उच्चारू लागतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाकडून ‘प्रार्थना’ हा शब्द स्वच्छ म्हणवून घेण्याचा आग्रह निरर्थक ठरतो.

एकेका ध्वनीपेक्षा समग्र बोलणे किती समजते, हा निकष पालकांना अधिक सोपा जातो. १९८८ मध्ये कोपलान आणि ग्लीसन यांनी इंग्रजी भाषक मुलांसंबंधी मांडलेल्या निष्कर्षांनुसार अनोळखी व्यक्तीला दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलाचे निम्मे, तिसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सर्व बोलणे समजावयास हवे. येथे ‘समजणे’ म्हणजे प्रत्येक ध्वनी अचूक असणे नव्हे. मराठीसाठी हे प्रमाण ढोबळ मार्गदर्शक म्हणूनच वापरावे. आईला सर्व समजते, परंतु दुकानदाराला, शेजाऱ्यांना किंवा नव्या पाहुण्यांना काहीच समजत नाही, अशी स्थिती चौथ्या वर्षानंतर असेल, तर ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

५. सरावापूर्वी श्रवण-तपासणी

जो ध्वनी नीट ऐकू येत नाही, तो नीट बोलता येत नाही. सर्दी-पडशानंतर मध्यकर्णात साचणाऱ्या द्रवामुळे मुलाला काही आठवडे कमी ऐकू येऊ शकते. अशा मुलाला हाक ऐकू येते, फटाके ऐकू येतात, परंतु ‘स’, ‘श’ यांसारखे क्षीण आणि उच्च कंप्रतेचे ध्वनी निसटतात. ‘त्याला ऐकू येते’ हा घरच्यांचा अनुभव त्यामुळे पुरेसा पुरावा ठरत नाही. बोलणे अस्पष्ट असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणक्षमता एकदा तज्ज्ञाकडून तपासून घेणे ही घरगुती सरावाची पूर्वअट मानावी.

६. सरावाच्या पायऱ्या

अमेरिकन वाचा-उपचार तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी १९३९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उच्चार-उपचाराचा जो क्रम मांडला, तो पुढे पारंपरिक पद्धती म्हणून मान्यता पावला. प्रथम कानाचे शिक्षण, मग सुटा ध्वनी, मग अक्षर, शब्द, वाक्य आणि अखेरीस सहज बोलणे, असा तो क्रम आहे. त्यानंतर इतर अनेक पद्धती विकसित झाल्या. तथापि घरगुती सरावासाठी हा क्रम आजही सुगम आहे. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊन तो पुढे स्पष्ट केला आहे.

अ) ध्वनीची निवड : एका वेळी एकच ध्वनी घ्यावा. मुलाच्या वयाला अपेक्षित असलेला, अनेक शब्दांत येणारा आणि अधूनमधून का होईना मुलाला साधणारा ध्वनी प्रथम निवडावा. ‘क’ आणि ‘र’ दोन्ही चुकत असतील, तर ‘र’ थांबू शकतो.

आ) ऐकणे : पहिल्या काही दिवसांत मुलाने उच्चार करावा अशी अपेक्षाच ठेवू नये. ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रे समोर ठेवावीत. मोठ्यांनी एक शब्द म्हणावा, मुलाने त्या चित्रावर चिंचोका ठेवावा. एकाच ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या अशा जोड्या मराठीत मुबलक आहेत. ‘ग’ आणि ‘द’साठी ‘गाणे – दाणे’, ‘गार – दार’. ‘र’ आणि ‘ल’साठी ‘रस – लस’, ‘राख – लाख’. महाप्राणासाठी ‘खार – कार’, ‘घडी – गडी’. ‘ळ’साठी ‘गाळ – गाल’, ‘वेळ – वेल’ या जोड्या घेता येतात. ध्वनी बदलला की वस्तू बदलते, हे मुलाला खेळातून उमगते. स्पष्ट बोलण्याचे प्रयोजन त्याला येथे प्रथम जाणवते.

इ) सुटा ध्वनी : मराठी वर्णमाला स्वतःच उच्चारस्थानांचा नकाशा आहे. कवर्गापासून पवर्गापर्यंत आपण घशाकडून ओठांकडे येतो. ‘त’ म्हणताना जिभेचे टोक दातांना लागते. ‘क’ म्हणताना टोक खाली राहते आणि जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. आरशासमोर बसून मुलाला हा फरक पाहू द्यावा. गुळण्या करताना घशात जो आवाज होतो, त्याची नक्कल करणे किंवा पाठीवर झोपून ‘क’ म्हणणे या युक्तींमुळे जीभ मागे जाण्यास साहाय्य होते. ‘स’साठी दात जुळवून सापाचा लांब आवाज काढता येतो. ‘र’साठी जिभेचे टोक दातांच्या मागील उंचवट्यावर हलके आपटत राहण्याचा, गाडीच्या आवाजाचा खेळ उपयोगी पडतो. ‘ळ’साठी टोक मागे वळवून पुढे सोडावे लागते. मुलाच्या तोंडात बोट किंवा चमचा घालून जीभ दाबण्याचे प्रयोग घरी करू नयेत.

ई) अक्षर आणि शब्द : सुटा ध्वनी साधल्यावर ‘का, की, कू, के, को’ आणि ‘आक, ईक, ऊक’ अशी अक्षरे घ्यावीत. काही मुलांना ‘क’ शब्दारंभीपेक्षा शब्दाच्या शेवटी आधी जमतो. त्यांच्यासाठी ‘नाक’, ‘एक’, ‘चाक’ यांपासून आरंभ करून मग ‘कान’, ‘केळे’, ‘कप’ याकडे यावे. शब्द मुलाच्या रोजच्या जगातील असावेत. दहा प्रयत्नांपैकी सुमारे आठ वेळा ध्वनी बरोबर आला की पुढील पायरी घ्यावी; सातत्याने चुकत असेल तर एक पायरी मागे यावे. मागे येणे हे अपयश नसून पद्धतीचाच भाग आहे.

उ) वाक्य आणि गोष्ट : ‘काकाने केळे कापले’ यासारख्या छोट्या वाक्यांनंतर गोष्टीकडे वळावे. काऊ-चिऊची गोष्ट मराठी घरात प्रत्येकाला ठाऊक असते आणि तिच्यात ‘काऊ’ हा शब्द वारंवार येतो. मुलाने ती गोष्ट आजीला सांगावी, आजीने मन लावून ऐकावी, यात सराव आणि प्रयोजन दोन्ही साधतात. दिवेलागणीला म्हटले जाणारे श्लोक व पाढे यांचाही उपयोग या टप्प्यावर होतो. त्यापूर्वी मात्र तो करू नये. कारण पाठांतराच्या वेगात जुनी चूक अधिक पक्की होण्याचा संभव असतो.

ऊ) वेळ : पाच ते दहा मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा, एवढा सराव पुरेसा असतो. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे अधिक फलदायी ठरतात, कारण उच्चार ही स्नायूंची सवय आहे आणि सवय पुनरावृत्तीने घडते. मूल दमलेले, भुकेलेले किंवा खेळातून ओढून आणलेले असताना सराव घेऊ नये.

७. सरावाबाहेरील बोलणे

दिवसातील ती दहा मिनिटे सोडली, तर उरलेल्या वेळेत मुलाला बोलू द्यावे. ‘ताताने दादी आनली’ असे मूल म्हणाले की मोठ्यांनी ‘हो, काकाने गाडी आणली. कोणत्या रंगाची?’ असे उत्तर द्यावे. यात योग्य नमुना मिळतो, मुलाचा आशय स्वीकारला जातो आणि संभाषण पुढे जाते. ‘आधी काका म्हण, मग ऐकते’ या उत्तरात संभाषण तिथेच संपते. न समजल्यास ‘मला दाखव बरं’ किंवा ‘कुठे होते ते?’ असे विचारून दोष ऐकणाऱ्याने आपल्याकडे घ्यावा. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावणे, भावंडांशी तुलना करणे आणि चिडवण्याचे नाव ठेवणे या गोष्टी निश्चयाने टाळाव्यात.

प्रोत्साहन देतानाही नेमकेपणा असावा. ‘शाब्बास’पेक्षा ‘आता जीभ मागे गेली, कान नीट ऐकू आला’ हे सांगणे मुलाला अधिक शिकवते. पाणिनीय शिक्षेत उच्चाराची तुलना पिल्लाला दातांत धरून नेणाऱ्या वाघिणीशी केली आहे : पिल्लू पडू नये आणि त्याला दात रुतूही नयेत, इतकीच पकड. हा दृष्टान्त वर्णोच्चारासाठी योजलेला असला तरी उच्चार शिकवणाऱ्या पालकालाही तो लागू पडतो.

८. काही रूढ समजुती

वेखंड उगाळून मधातून चाटवल्यास वाणी स्वच्छ होते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. बोबडेपणा हा ध्वनिनियमांचा आणि स्नायू-नियंत्रणाचा प्रश्न असल्याने जिभेवर लावलेल्या पदार्थाने तो सुटण्याचे कारण दिसत नाही. शिवाय वेखंडातील बीटा-ॲसरोन या घटकामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये त्याच्या खाद्यपदार्थांतील वापरावर बंदी घातली. एक वर्षाखालील बालकास मध देणेही धोक्याचे आहे. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो.

‘जीभ चिकटली आहे, कापून घ्या’ हाही सल्ला सर्रास दिला जातो. जिभेखालील पडदा आखूड असलेली अनेक मुले स्वच्छ बोलतात. शस्त्रक्रियेचा निर्णय तपासणीनंतर तज्ज्ञांनीच घ्यावा. फुगे फुगवणे, शिट्ट्या वाजवणे, जीभ नाकाला लावणे हे व्यायामही लोकप्रिय आहेत. २०१५ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा बोलण्याविना केल्या जाणाऱ्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला समाधानकारक पुरावा आढळला नाही. ते निरुपद्रवी खेळ असू शकतात; परंतु सरावाची मोजकी मिनिटे त्यांत खर्च होऊ नयेत. बोलणे हे बोलण्यानेच सुधारते.

९. घरगुती प्रयत्नांच्या मर्यादा

पुढील परिस्थितीत घरचा सराव पुरेसा मानू नये : ऐकण्याविषयी शंका असणे; चार वर्षांनंतरही अनोळखी व्यक्तीला बोलणे न समजणे; आवाज सतत नाकातून येणे किंवा टाळू दुभंगलेली असणे; एकच शब्द प्रत्येक वेळी वेगळ्या प्रकारे चुकणे; शब्दसंग्रह व वाक्यरचनाही वयाच्या मानाने कमी असणे; येत असलेले बोलणे मागे पडणे; अथवा दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतरही बदल न दिसणे. अशा वेळी वाचा-उपचार तज्ज्ञाकडे, म्हणजे व्यवहारात ज्यांना स्पीच थेरपिस्ट म्हटले जाते त्यांच्याकडे जावे. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असल्याची खात्री करून घ्यावी; या परिषदेसंबंधीचा अधिनियम १९९२ चा आहे.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथे १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या दोन्ही ठिकाणी उपचार व प्रशिक्षणाची सोय आहे. ग्रामीण भागासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अधिक जवळचा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचा समावेश त्यात आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. पालकांना ही माहिती अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक यांच्याकडूनच मिळू शकते; म्हणून ती शिक्षक-प्रशिक्षणात असणे आवश्यक आहे.

तज्ज्ञाकडे जाऊ लागल्यावर घरचा सराव संपत नाही. आठवड्यातून एक-दोनदा होणाऱ्या भेटीत ध्वनी सापडतो. तो बोलण्यात रुजतो तो घरी.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरगुती उच्चार-सराव हे साहित्याचे वा खर्चाचे काम नसून क्रमाचे आणि संयमाचे काम आहे. प्रथम बोली आणि दोष यांतील भेद ओळखणे, मग श्रवणक्षमतेची खात्री करून घेणे, मग एक ध्वनी निवडून कानापासून बोलण्यापर्यंत पायरीपायरीने येणे, हा तो क्रम होय. महाविद्यालयांना या संदर्भात प्रत्यक्ष काही करता येण्यासारखे आहे. भाषा विभागांना आपल्या परिसरातील बोलीनुसार अर्थभेदक शब्दजोड्यांची चित्रपत्रे तयार करता येतील. अध्यापक महाविद्यालयांना छात्राध्यापकांच्या सराव-पाठांच्या काळात बोलीवैशिष्ट्ये व उच्चारदोष यांतील फरक शिकवता येईल. पालक-मेळाव्यात अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिकही अनेक घरांतील चुकीची दुरुस्ती थांबवू शकेल.

‘नीट बोल’ ही आज्ञा मुलाला काय करावयाचे ते सांगत नाही. जीभ कोठे ठेवावी हे दाखवणारा आणि तोपर्यंत त्याचे बोलणे मन लावून ऐकणारा माणूस घरात असणे, ही स्पष्ट बोलण्याची पहिली अट आहे.